उघाडी: बांधातल्या दाराची गोष्ट



आजची सुरुवात एका कमानीपासून करूया. मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडने वरळीकडे आलात की रस्ता जिथे सी-लिंकला मिळतो, तिथे समुद्रावर एक मोठी पोलादी कमान दिसते. तिचे रील्स तुम्ही पाहिले असतील, कदाचित काढलेही असतील. एप्रिल २०२४ मध्ये एका पहाटे, भरतीची वेळ साधून, बार्जवरून आणून ती तिथे बसवली. लांबी १३६ मीटर, वजन सुमारे २,००० टन. पुढच्याच महिन्यात तिच्या शेजारी दुसरी बसली, ती १४३ मीटरची.

आता मला सांगा, आजूबाजूचा पूल नेहमीसारखा खांबांवर उभा आहे. मग बरोबर इथेच एवढी लांब उडी कशासाठी?

कारण तिच्या खालून वरळी कोळीवाड्याच्या होड्या ये-जा करतात. मूळ आराखड्यात तिथे दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होतं. कोळी म्हणाले, एवढ्यातून वाऱ्यापाण्यात बोट काढणं आमच्या जिवावर बेतेल. ते कोर्टात गेले, समुद्रात होड्या आडव्या घालून काम थांबवलं, आणि शेवटी एक खांब रद्द होऊन वाट १२० मीटरची झाली. ती कमान दिसते सुंदर, पण ती तिथे आहे ती एका कोळीवाड्याच्या हट्टामुळे.

समुद्र वर येतोय, हे आपण रोज ऐकतो. मुंबई बुडणार, अमुक सालापर्यंत तमुक भाग पाण्याखाली, असे नकाशे फॉरवर्ड होतात, आपण घाबरतो आणि पुढे स्क्रोल करतो. आज मला त्याच्या उलट टोकाकडून बघायचंय. समुद्राच्या काठावर राहणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन पाण्याशी आजवर कसं जमवून घेतलं? त्यांचे नियम काय होते? ते नियम मोडले तेव्हा काय झालं? ही गोष्ट लालबागला सुरू होते, पेणला जाऊन येते आणि वरळीला संपते.

आजोबांचा शब्द

मी लालबागचा. लहानपणी पावसाळ्यात शाळेला अचानक सुट्टी मिळायची, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं: हिंदमाताला पाणी भरलंय. बाबा परळवरून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन यायचे. आणि गॅलरीत बसलेले आजोबा दरवेळी एकच वाक्य बोलायचे, "भरती असेल. उघाडी मिटली असेल."

मला वाटायचं, आजोबा पावसाच्या उघडिपीबद्दल बोलतायत. बाहेर पाऊस कोसळतोय आणि हे उघाडी-उघाडी काय करतायत! खूप वर्षांनी कळलं की उघाडी ही वस्तू आहे. बांधातलं दार.

आजोबा पेणच्या खारेपाटातले. लालबाग-परळच्या गिरण्यांत हजारो माणसं कोकणातून आली, त्यातलेच एक. खारेपाट म्हणजे खाडीकाठची सखल भातजमीन. ही जमीन मुळात समुद्राचीच. उधाणाच्या भरतीला तिथे पाणी यायचं. लोकांनी खाडीतला चिखल काढून, त्यावर दगड रचून बांध घातले आणि पाणी बाहेर ठेवलं. पण नुसता बांध घालून भागत नाही, कारण पाऊस आतही पडतो. चार महिन्यांचं पावसाचं पाणी बांधाच्या आत अडकलं तर भात कुजणार. म्हणून बांधात दार ठेवायचं, तीच उघाडी.

तिची रचना एकदम साधी. लाकडी झडप खाडीच्या बाजूने अशी टांगायची की भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती घट्ट मिटेल. ओहोटी लागली की बाहेरचा दाब कमी होतो, आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. वीज नाही, पंप नाही. दिवसातून दोनदा समुद्र स्वतःच दार लावतो आणि स्वतःच उघडतो.

पण या साध्या यंत्राला माणसं लागतात. झडपेत ओंडका अडकला, खेकड्यांनी बांधाला बिळं पाडली, उधाणाने एक दगड निसटला, तर एका रात्रीत बांधाला खांड पडते. खांड म्हणजे भगदाड. खांड एकाच्या शेतासमोर पडली तरी खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. आणि एकदा खारं पाणी शिरलं की मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणजे शेजाऱ्याचा बांध हा माझाही बांध. इथे "माझं मी बघतो" हे धोरण चालतच नाही.

त्यामुळे या भागात नियम बनले. पेणच्या बाजूला 'शिलोत्री' नावाची जुनी पद्धत होती. समुद्राकडचा मोठा बाहेरचा बांध सांभाळण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर, आणि त्यासाठी शेतकऱ्यांनी त्याला दर बिघ्यामागे ठरलेलं भात द्यायचं. आतले छोटे बांध ज्याचे त्याने सांभाळायचे. यात सगळं गोड होतं असं समजू नका. भात वसूल करायचं आणि बांधाकडे दुर्लक्ष करायचं, असेही लोक असणारच. पण तत्त्व स्पष्ट होतं: बांध सगळ्यांचा, त्याचा खर्च सगळ्यांचा, आणि जबाबदार माणूस कोण हे गावाला माहीत.

आजोबा सांगायचे, खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा. रात्र असो वा दिवस. कारण पुढच्या भरतीच्या आत भगदाड बुजवायचं, म्हणजे हातात जेमतेम सहा तास.

पाय धुवायची जागा

आता पेणहून मुंबईत परत येऊ. आपल्या शहराची गोष्टसुद्धा बांधाचीच आहे.

सात बेटं सगळ्यांनी शाळेत पाठ केलीत: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ, माहीम. पण ही बेटं कायम पाण्याने तुटलेली नव्हती. ओहोटीला बरीचशी मधली जागा उघडी पडायची, चिखल तुडवत पलीकडे जाता यायचं. भरतीला तीच जागा पाण्याखाली. पश्चिमेला महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये एक मोठं खिंडार होतं. भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा आणि भायखळ्याच्या सखल भागातून थेट पायधुणीपर्यंत जायचा. पायधुणी हे नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात: चिखलातून आलात, आता इथे पाय धुवा. उमरखाडीच्या नावात खाडी आहे, चिंचपोकळीच्या नावात पोकळी आहे. आग्रीपाड्याचं नाव आगरी समाजावरून. मिठागरं आणि खारी शेतं कसणारे हे लोक, म्हणजे आजोबांच्या खारेपाटाचे सख्खे भाऊ. आज तिथे टॉवर आहेत, पण गुगल मॅपवर ही नावं झूम करून बघा, जुन्या पाण्याचा नकाशा आपोआप उभा राहतो.

१६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. हे खिंडार बुजवायचं, म्हणजे बरीच जमीन मिळेल, हा विचार तेव्हापासूनच सुरू होता. मोठं काम झालं ते विल्यम हॉर्नबीच्या काळात. तो १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. १७८४ च्या सुमारास महालक्ष्मी ते वरळी हा बांध पूर्ण झाला. इंग्रज त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणायचे. वेलार्ड हा पोर्तुगीज शब्दावरून आला, अर्थ कुंपण किंवा बांध. आज आपण त्याला लाला लजपतराय मार्ग म्हणतो. हाजीअलीच्या सिग्नलला अडकता ना, तेव्हा तुम्ही त्या बांधावर उभे असता.

या बांधाची एक आख्यायिका तुम्ही घरी ऐकली असेल. बांध घातला की कोसळायचा. मग रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती काढल्या, आणि मग बांध टिकला. त्याच मूर्ती महालक्ष्मीच्या देवळात आहेत, असं मानतात. आख्यायिका म्हणून बाजूला ठेवली, तरी त्यात एक गोष्ट लक्षात राहते. समुद्र अडवायचा तर आधी समुद्राला काहीतरी विचारावं लागतं, असं त्या काळच्या माणसांना वाटत होतं.

बांधानंतर मागची जमीन हळूहळू कोरडी होत गेली. खाऱ्या जमिनी सुधारून लागवडीखाली आणाव्यात म्हणून नाममात्र भाड्याने लोकांना दिल्या गेल्या. त्यांना 'फोरास' जमिनी म्हणत, फोरास रोडचं नाव तिथलंच. त्यानंतर सायन कॉजवे, कुलाबा कॉजवे, माहीम कॉजवे झाले आणि १८४५ पर्यंत ही सगळी बेटं एकमेकांना आणि साष्टीला जोडली गेली. १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली. पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड, करी रोड असं गिरणगाव उभं राहिलं. गिरण्यांसोबत चाळी आल्या, चाळींसोबत आमचे आजोबा-पणजोबा.

आता गंमत बघा. समुद्राकडून घेतलेल्या जमिनीवर वाढलेला खारेपाटातला माणूस पोटासाठी मुंबईला आला, आणि राहिला कुठे? पुन्हा समुद्राकडून घेतलेल्या जमिनीच्या काठावर. फरक एवढाच की गावाकडे बांध कोणाचा, दार कुठे, हे त्याला माहीत होतं. इथे दार आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

१८६ तोंडं

बशी डोळ्यांसमोर आणा. काठ उंच, मध्य सखल. हिंदमाता ही बशीची मधली जागा. तिथलं पावसाचं पाणी पूर्वेला रे रोडजवळ ब्रिटानिया नावाच्या ठिकाणी समुद्राला मिळतं. नाला जिथे समुद्राला मिळतो त्या तोंडाला महापालिका 'पातमुख' म्हणते. मुंबईत अशी १८६ पातमुखं मोजली गेली. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्याही वर असलेली किती? फक्त ६.

याचा अर्थ असा की भरती आली की बहुतेक नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. तोंडाला दार नसेल तर समुद्र उलटा आत येतो. दार असेल तर ते लावावं लागतं, आणि मग पावसाचं पाणी आत तुंबतं. आजोबा गॅलरीत बसून जे म्हणायचे ते शंभर टक्के बरोबर होतं. लालबाग म्हणजे त्यांच्यासाठी एक मोठा खारेपाट होता.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र साधारण ७४ मिलिमीटर. शहराचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी असताना, बनवलेले. आणि एवढ्या १८६ पातमुखांपैकी दारं किती ठिकाणी होती? तीन: हाजीअली, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर. यातलं क्लीव्हलँड बंदर हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

पंपिंग स्टेशन बांधण्याची योजना १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालात होतीच. २००५ नंतर तिला वेग आला. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा स्टेशनं झाली. काम तेच उघाडीचं: भरतीला दार लावायचं. फरक एवढाच की ओहोटीची वाट न बघता पंपाने पाणी बाहेर फेकायचं. पुढे हिंदमातासाठी दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कमध्ये आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी टाकीत साठवायचं, भरती ओसरली की समुद्रात सोडायचं. याने फरक पडला, हे आम्ही लालबागकर प्रामाणिकपणे सांगतो. पाणी अजूनही भरतं, पण पूर्वीपेक्षा लवकर उतरतं.

मात्र खालून पट्टी सरकतेय. अपोलो बंदरला समुद्राची पातळी मोजणारं यंत्र १८७८ पासून नोंदी घेतंय, आशियातल्या जुन्या नोंदींपैकी ही एक. जगभराचा हिशोब आयपीसीसी देते: १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सरासरी २० सेंटिमीटर वर आला. आधी वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ झाला. ३.७ मिलिमीटर म्हणजे काय, चण्याच्या डाळीच्या दाण्याएवढंही नाही. पण उघाडीच्या भाषेत बोला. समुद्र जेवढा वर, तेवढा दार मिटलेलं राहण्याचा वेळ जास्त आणि उघडं राहण्याचा वेळ कमी. बुडणाऱ्या मुंबईच्या नकाशांपेक्षा मला हे जास्त खरं आणि जास्त जवळचं वाटतं. समुद्र एक दिवस लाट बनून घरात येईल तेव्हा येईल. त्याच्या कितीतरी आधी तो नाल्याचं दार थोडं थोडं जास्त वेळ धरून ठेवणार आहे.

तिथीची पाऊणपट

हे दार कधी मिटणार हे ओळखायला कोळ्यांना अॅप लागत नाही. एक ढोबळ हिशोब तुम्हाला शिकवतो. आजची तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा, भरती पूर्ण भरण्याची वेळ मिळेल. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. घरातल्या कालनिर्णयवर ताडून बघा, थोडं मागेपुढे होईल पण जमेल. पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते ना, ते सगळे दिवस उधाणाचे.

कोळ्यांचं हे ज्ञान एकेकट्याचं नाही, ते वाटून घेतलेलं आहे. डोल जाळं घ्या. भरती-ओहोटीच्या प्रवाहात, समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. खुंट एकट्याने ठोकता येत नाहीत. कोणाची डोल कुठे लागणार हे ठरलेलं असावं लागतं, नाहीतर रोज मारामाऱ्या. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा निघायचं, हाही सगळ्यांनी मिळून पाळायचा नियम. आज सरकारी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, पण माशांना वाढायला वेळ द्यायचा ही कल्पना सरकारी कागदाच्या कितीतरी आधीची आहे.

आता क्लीव्हलँड बंदरकडे परत येऊ. तिथे महापालिकेच्या नाल्याचं दार आहे आणि तिथेच वरळीच्या होड्यांची समुद्राकडे जायची वाट आहे. एकाच जागी शहराचं पाणी बाहेर जातं आणि कोळीवाड्याचं पोट भरायला माणसं बाहेर जातात.

कोस्टल रोडचं काम २०१८ च्या अखेरीस सुरू झालं. 'वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी' ही मच्छीमारांची संस्था न्यायालयात गेलेल्यांपैकी एक होती. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्याची सीआरझेडची परवानगी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुन्हा सुरू करू दिलं. म्हणजे रस्ता होणार हे ठरलं. इथे बहुतेक लढे संपतात. कोळ्यांनी मात्र मागणी बदलली: रस्ता होतोय तर होऊ दे, पण आमचं दार नीट ठेवा.

दोन खांबांमध्ये ६० मीटर. कागदावर हे पुरेसं दिसतं, बोट तर काही मीटरच रुंद. पण कागदावर वारा नसतो. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर जेट्टीवर एक काका भेटले, जाळं शिवत होते. मी अगदी शहरी प्रश्न विचारला, "काका, एवढी जागा कशाला लागते?" त्यांनी सुई न थांबवता मला विचारलं, "रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवतोस की बर्फावर?" मग समजावलं. प्रवाह बोटीला आडवा ढकलतो. वारा दुसरीकडून. समोरून दुसरी बोट येत असेल. खांबाजवळ पाणी भोवऱ्यासारखं वळतं. वादळाची बातमी आली की सगळ्या बोटी एकाच वेळी घराकडे पळतात, तेव्हा त्या दारातून रांग लावून जायला वेळ नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचे वारे वाहिले. तशी रात्र डोळ्यांसमोर ठेवून ते ६० मीटर मोजत होते.

२०२१ च्या शेवटी त्यांनी होड्या नेऊन पुलाचं काम अडवलं. बैठका झाल्या, तज्ज्ञांचे अहवाल झाले. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने एक खांब कमी करून १२० मीटर अंतर ठेवायचं मान्य केलं. कोळ्यांनी मागितलं होतं त्यापेक्षा हे कमीच होतं. भरावाखाली गेलेल्या मासेमारीच्या जागा काही परत आल्या नाहीत. त्यामुळे याला संपूर्ण विजय म्हणणं खोटं ठरेल. पण मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हॉर्नबीच्या बांधापासून कोस्टल रोडपर्यंत अडीचशे वर्षांत या किनाऱ्यावर बांध कुठे घालायचा हे वरून ठरत आलं. इथे पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत, दार किती मोठं हवं हे दार वापरणाऱ्यांनी ठरवायला लावलं.

जगात आणि शेजारी

असंच एकदा नेदरलँड्समध्ये घडलंय. १९५३ च्या समुद्री वादळात तिथे १,८३६ माणसं गेली. सरकारने ठरवलं, समुद्राचे फाटे धरणांनी कायमचे बंद करायचे. पण ओस्टरशेल्ड नावाच्या खाडीची पाळी आली तेव्हा तिथले कालवं आणि शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार उभे राहिले, पर्यावरणवाले त्यांच्यासोबत आले. खाडी बंद झाली तर पाणी गोडं होणार, शिंपले मरणार. शेवटी सरकारने आराखडा बदलला. १९८६ मध्ये तिथे नऊ किलोमीटरचा अडसर तयार झाला, त्याला ६२ पोलादी दारं. एरवी भरती-ओहोटी मोकळी, वादळ आलं की दारं बंद. खर्च खूप वाढला, पण खाडी जिवंत राहिली. मुळात त्या देशात पाण्याची मंडळं तेराव्या शतकापासून आहेत, आणि आजही त्यांच्या निवडणुका होतात. बांधाच्या कारभारासाठी मतदान!

एवढं लांब कशाला, गोव्यात खाजन शेती बघा. तिथे उघाडीला 'मानस' म्हणतात. गावकरी संस्था बांध सांभाळायची, आणि मानशीपाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा. त्या पैशाचा उपयोग गावाला. दारानेच दाराचा खर्च काढायचा, असा तो हिशोब.

खांड

आता थोडं घरचं. आजोबांची पेणची जमीन आज पिकत नाही. खारभूमीसाठी १९४८ मध्ये कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला, बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारी यंत्रणेकडे गेली. ते आवश्यकच होतं, मोठे बांध गावाच्या आवाक्यातले राहिले नव्हते. पण त्यासोबत "हाक आली की निघायचं" ही सवय सुटली. आमच्या शिवारात खांड पडली तेव्हा हाक द्यायला कोणी नव्हतं, आणि दिली असती तरी यायला कोण होतं? घरटी एक माणूस लालबागला, भांडुपला, डोंबिवलीला. त्यात आम्हीही आलो. आज तिथे खारफुटी उगवलीय. किनाऱ्यासाठी ती चांगली, लाटा अडवते, माशांची पिल्लं वाढवते. आजोबांना मात्र ते बघवलं नाही. एकदा जाऊन आले आणि पुन्हा गेले नाहीत.

म्हणून जुन्या पद्धतीचं मला कौतुक असलं तरी तिच्याकडे परत जा असं मी म्हणणार नाही. हिंदमाताचं पाणी फावड्याने निघणार नाही, त्याला पंपच लागतात. पण पंप असलेल्या शहरातही दार कुठे आहे हे माहीत असलेली माणसं लागतात. २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा आला. पुढच्या काळात समुद्राच्या नावाने भिंती, रस्ते, भराव येतच राहतील. प्रत्येक वेळी विचारायचे प्रश्न मात्र खारेपाटातलेच आहेत. पाणी आत आलं तर बाहेर कुठून जाणार? दार कुठे? ते सांभाळणार कोण? आणि ज्याचं घर दारात आहे, त्याला विचारलं का?

आमच्या चाळीत आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केलीय. जून लागला की ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत उधाणाच्या दिवसांची यादी पडते. त्या दिवशी तळमजल्यावरच्या दोन आज्यांचं सामान आदल्या रात्री वर चढवायचं, गाळाने भरलेल्या जाळीची तक्रार आधीच करायची, बाईक पुलाखाली लावायची. पाळी लावलीय, घरटी एक माणूस. नियम कोणी सुचवला हे वेगळं सांगायला नको. आजोबा आता नाहीत, पण यादी टाकायची पाळी माझी असली की मी वर एकच ओळ लिहितो: आज उघाडी मिटणार, वेळ अमुक.

पहिल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने खाली विचारलं होतं, "दादा, उघाडी म्हणजे काय?"

त्याच्यासाठीच हा एपिसोड केला. तुमच्या घरात, गावात बांधाला, दाराला, भरतीला काही वेगळे शब्द असतील तर आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. आणि पुढच्या वेळी त्या वरळीच्या कमानीवरून जाल, तेव्हा रील काढताना कॅमेरा जरा खाली वळवा. खालून एखादी होडी जात असेल.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा.